शेऱ्याचा रकाना

सातपूरच्या महापालिका शाळेत
शनिवारी शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा.
वेळापत्रकात तो हिरव्या खडूनं लिहिलाय,
कारण पांढरा संपला होता.

परिपत्रक कपाटाच्या दाराला डकवलंय,
बारीक अक्षर, खाली गोल शिक्का.
संविधानातली मूल्यं अभ्यासक्रमात हवीत, असं कायदा म्हणतो,
कलम एकोणतीस.
प्रशिक्षणात ते आम्ही दोनदा म्हटलं होतं,
एकदा नाश्त्याआधी, एकदा नंतर.

निकुंभ सर म्हणाले, वही अद्ययावत करा,
सोमवारी केंद्रप्रमुख येताहेत.
वहीला चार रकाने:
दिनांक, मूल्य, उपक्रम, शेरा.
जूनपासून वीस ओळी कोऱ्या.

खरं सांगायचं तर त्या तासाला मी अपूर्णांक घ्यायचे.
पाचवीची शिष्यवृत्ती तोंडावर,
पोरांचे बाप अंबडच्या शिफ्टमध्ये,
आया द्राक्षांच्या पॅकिंगला, पहाटेच्या टेम्पोनं.
अपूर्णांक आले तर उद्या पगारातली कपात तरी कळेल,
असा माझा हिशेब.
सत्य काय, कुठं पळून जातंय,
असाही.

म्हणून शुक्रवारी मधल्या सुट्टीत
डबा बाजूला सारून लिहीत सुटले.
पाच जुलै, सत्य, गोष्ट सांगितली, साध्य.
बारा जुलै, श्रमप्रतिष्ठा, वर्ग झाडला, साध्य.
एकोणीसला पुन्हा सत्यच लिहून बसले,
खाडाखोड नको म्हणून
पुढं 'निष्ठा' जोडली.
पेन दोनदा बदललं, शाई एकसारखी दिसू नये म्हणून.
हे मला कुणी शिकवलं? कोणत्या तासाला?
तिकडं नाशिकरोडच्या प्रेसमध्येही
कागदावर मूल्यच छापतात,
पण तिथं निदान मोजणारे असतात.

प्रांजल गांगुर्डे टेबलाशी उभी होती,
छातीशी वह्यांचा गठ्ठा.
तिला उलटं वाचता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"बाई, बारा जुलैला आपण छेद समान केले होते."
मी म्हटलं, हो का.
"हो. माझ्या वहीत तारीख आहे."
आणि गठ्ठ्यातून आपली वही ओढून
पान उघडून धरलं,
एरवी गणित तपासायला धरते
तसंच.

वर्गात लोणच्याचा वास.
लांब कुठल्यातरी कंपनीचा भोंगा.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
'जा, जागेवर बस' जिभेच्या टोकावर आलंच होतं.
ते म्हणायला काही लागत नाही,
या खोलीत खुर्ची एकच आहे
आणि ती माझी आहे.

तेव्हा त्याच कलमातली खालची ओळ आठवली,
जिच्यापाशी प्रशिक्षणात कुणी थांबलं नव्हतं,
मूल भीतीपासून मुक्त व्हावं, अशी काहीतरी.
ते इथं उभं होतं,
एक मोजा घसरलेला,
ओठाच्या कडेला पोळीचा कण,
माझ्याकडं सरळ बघत.
आणि घाबरलेली होते मी.

पट्टी घेतली, उभी-आडवी नाही,
एकच तिरपी रेघ, वीसही ओळींवरून.
खाली लिहिलं:
दिनांक आजचा.
मूल्य, ठाऊक नाही.
उपक्रम, ठरवलेला नव्हता.
शेऱ्याच्या रकान्यात:
तास विद्यार्थिनीने घेतला.

निकुंभ सर बराच वेळ वहीकडं बघत राहिले.
म्हणाले, बाई, हे वर कसं पाठवू?
मी म्हटलं, जसं आहे तसं.
पुढं काय होईल ते सोमवारी.

पण ते नंतरचं.
त्या दुपारी प्रांजल हललीच नव्हती.
"बाई, हे बरोबर आहे ना? तुम्ही खूण केलीय."
मी पहिल्यांदा ते गणित नीट वाचलं.
छेद तिनं सारखे केले होते,
अंश होते तसेच राहिले होते,
आणि त्यावर माझीच लाल, ठसठशीत
बरोबरची खूण.

"नाही गं," मी म्हटलं,
आणि खुर्ची थोडी सरकवली.